चौदा वेळा हो

सतरा नंबरच्या घराचा अंक रविवारी एकदम वर गेला. मृणाली होलमने तो सोमवारी सकाळी पाहिला, चुकून दुसऱ्या घराचा तर नाही ना म्हणून पुन्हा तपासला. नव्हता. गट तीन, घर सतरा. तिच्या आईचं घर.

"एकसष्ट," ती स्वतःशीच म्हणाली.

समोरच्या टेबलावर डॉ. निखत मुजावर डबा उघडून बसल्या होत्या. मानसतज्ज्ञ, प्रकल्पाच्या प्रमुख, आणि संस्थेत सकाळी दहाला जेवणाऱ्या एकमेव बाई. "काय एकसष्ट?"

"मोकळीक. मागच्या आठवड्यात चौतीस होती."

"कोणाची?"

मृणालीने अहवाल मिटला. आपल्या माणसांचे अहवाल आपण वाचायचे नाहीत असा नियम होता. ती तो मोडते हे निखतना ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांनी कधी दाखवलं नव्हतं.

"अगं मग पेढे आण की! चेहरा असा केलायस, जसं काही यंत्र बंद पडलंय."

मृणाली हसली. पेढे आणायचे हे तिने मनात पक्कं केलं.

वेळखार गाव आता नकाशावर अर्धंच आहे. सव्वादोन वर्षांपूर्वीच्या वादळात समुद्र बंधारा ओलांडून आत आला आणि पुरता बाहेर गेलाच नाही. सहा होड्या परत आल्या नाहीत. उरलेल्या दोनशे बारा कुटुंबांना अठरा किलोमीटर आत, सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळात, घरं बांधून दिली. तिथून समुद्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. सुरुवातीला समुपदेशक छापील प्रश्न घेऊन गेले. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटलं का?' बायका नाही म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या छातीत पाणी भरत होतं, जीव थाऱ्यावर नव्हता, झोपेत कोणीतरी दाराची कडी वाजवत होतं; पण उदास हा शब्दच त्यांच्या बोलण्यात नव्हता. कागद कोरे परत आले आणि वस्ती ठणठणीत ठरली. मग पावसाळ्यात गट एकमधली एक बाई अठरा किलोमीटर चालत जुन्या गावी गेली आणि तशीच पाण्यात चालत राहिली.

त्यानंतर 'सोबत' आलं. विटेएवढं एक खोकं, फडताळावर ठेवायचं. ते ऐकतं आणि वेळखारच्या बोलीत बोलतं. बोलणं समजून घेणारा भाषेचा नमुना खोक्यातच असतो, त्यामुळे माणसाचं एकही वाक्य घराबाहेर जात नाही. दिवसातून एकदा फक्त मोजदाद जाते: कोणते शब्द किती वेळा आले, दोन वाक्यांत किती थांबा पडला, आवाजाची पट्टी किती हलली. त्यातून शून्य ते शंभर असा एकच अंक निघतो. त्याला त्यांनी 'मोकळीक' म्हटलं होतं.

उत्तर देण्याची 'सोबत'ची रीत साधी होती. आघाताने मिटलेलं मन उपदेशाने उघडत नाही. माणूस एखादं छोटं काम हाती घेतो, झाडाला पाणी घालतो, बाजारात जातो, आणि मन त्याच्या मागून येतं. म्हणून कोणी काही करायचं म्हटलं की 'सोबत'ने पाठबळ द्यायचं. "हां, बग. कर की. बरं वाटेल."

हे वाक्य कुठून आलं, ते मृणालीला चांगलं माहीत होतं. एम.ए.ला असताना तिने वेळखारच्या बोलीवर प्रबंध लिहिला होता, तेव्हाची ध्वनिमुद्रणं तिच्याकडे होती. सव्वीस माणसं, त्र्याहत्तर तास. ते सव्वीस आवाज मिसळून एक नवा आवाज तयार केला, जो कोणाचाच नव्हता. निदान मंजुरीच्या अर्जात तसं लिहिलं होतं. त्र्याहत्तरपैकी एकेचाळीस तास एकट्या महादेव होलमांचे होते, हे तिने अर्जात लिहिलं नाही. महादेव होलम तांडेल होते, होडीचे म्होरके. बोलायला बसले की भरती कधी लागली याचं भान न राहणारे. मृणालीचे वडील. न आलेल्या सहा होड्यांतली एक त्यांची.

मृणाली सात महिन्यांत घरी गेली नव्हती. दर सोमवारी अहवाल वाचला की आईला भेटून आल्यासारखं वाटायचं. फोनवर आई "बरं हाय" एवढंच म्हणायची. अहवाल जास्त बोलायचा.

आजचा अहवाल तर फारच बोलत होता. रविवारी दुपारी तीन ते पाच या वेळात आईने एकच शब्द चौदा वेळा उच्चारला होता आणि प्रत्येक वेळी त्यानंतर लांब थांबली होती. शब्द होता 'वाढवू'. यादीत त्याच्यापुढे हिरवी खूण होती: भर, उमेद, वाढ.

ती यादी मृणालीने केलेली. पुण्यात शिकवलेला मूळ नमुना वेळखारात आला तेव्हा त्याने हसू येईल अशा चुका केल्या. 'पाणी वाढलंय' म्हटलं की त्याला ती प्रगती वाटे. वेळखारात त्याचा अर्थ पळा असा होतो. 'कोलंबी वाढली' म्हटलं की तो कोलंबीच्या शेतीबद्दल विचारू लागे, आणि बाई बिचारी नवऱ्याच्या ताटाबद्दल बोलत असे. म्हणून मृणालीने एकेक शब्द हाताने लावला. वाढणे: पाण्याबरोबर आलं तर धोका, जेवणाबरोबर आलं तर रोजचं काम, बाकी सगळीकडे चांगलं. आणि यादी व नमुना यांचं पटलं नाही तर यादीचं खरं, असा नियमच घातला. या एका शब्दाच्या तिन्ही वाटा तिने एका परिषदेत सांगितल्या होत्या. टाळ्या पडल्या होत्या.

संध्याकाळी काम लांबलं. साडेआठला ती कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे पोचली, तेव्हा त्याने अर्धं शटर ओढलं होतं.

"वाढवलं ताई दुकान. आता सकाळी या."

"बरं," ती म्हणाली आणि वळली. रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तिथे थांबली, आणि गाड्यांतून वाट काढत परत आली.

"काका, काय म्हणालात तुम्ही?"

"दुकान वाढवलं म्हटलं."

"म्हणजे काय?"

मिठाईवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे बंद केलं. मराठीच ना तुम्ही?"

दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही. नको ते घडलं की त्याच्या तोंडावर उलटा शब्द झाकायचा, हे मृणाली चालायला लागली तेव्हापासून ऐकत होती. इतकं जवळचं की यादीत लिहावं असं वाटलंच नाही. आणि मूळ नमुन्याला ते ठाऊक होतं. शेकडो पुस्तकांत त्याने ते वाचलेलं होतं. तिने हात लावला नसता तर त्याला बरोबर कळलं असतं. तिच्या यादीने त्याचं तोंड बंद केलं होतं.

माणसाची वाक्यं बाहेर जात नसली तरी यंत्राची स्वतःची उत्तरं जपून ठेवली जात, तपासणीसाठी. तिने फुटपाथवर उभ्या उभ्या फोनवर ती उघडली. गट तीन, घर सतरा, रविवार.

'हां, बग. वाढव की. बरं वाटेल.'

त्याच्या खाली तेच. त्याच्या खाली तेच. चौदा ओळी.

आईने काय विचारलं होतं, मंगळसूत्राबद्दल की गट एकमधल्या बाईसारखं स्वतःबद्दल, ते दिसण्याची सोय नव्हती. ती सोय नको असा आग्रह मृणालीनेच धरला होता.

आईने फोन उचलायला फार वेळ लावला.

"आये, काय करतेस?"

"काय करनार? बसलंय. तू जेवलीस?"

"आये, तू काय वाढवणार आहेस?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "कोन म्हनला तुला?"

"कोणी नाही. सांग ना."

"असलं फोनवर इचारतात काय? ते पन दिवेलागन झाल्यावर?" आईचा आवाज सपाट होता. "बुधवारी ये जमलं तर. नाय जमलं तरी हरकत नाय. इंदू हाय." आणि तिने फोन ठेवला.

मृणालीने निखतना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. "सगळी खोकी बंद करते. आत्ता. इथूनच होतील."

"दोनशे बारा घरं आहेत मृणाली. आज ती माणसं कोणाशी बोलतील?"

"पण ते हो म्हणतंय मॅडम! चौदा वेळा हो म्हणालंय!"

"ऐकलं मी. यादीतली ती ओळ दुरुस्त कर. दहा मिनिटांत पोचेल."

"मग उत्तर काय ठेवू? नको म्हणू दे?"

निखत म्हणाल्या, "आपल्याला माहीत नाही ती काय विचारतेय. यंत्राने हो म्हणायचं नाही, नको पण म्हणायचं नाही. आपल्या माणसाशी बोला, एवढंच म्हणू दे. आणि तू पहिल्या बसने निघ. बुधवारची वाट बघू नकोस."

मृणालीने बंद दुकानाच्या पायरीवर बसून ती ओळ लिहिली. ओळ गेली आणि जुने अंक नव्याने मोजले जाऊ लागले. एकतीस घरांची वर चढलेली रेघ खाली आली. संस्था सहा महिने अभिमानाने दाखवत होती तो आलेख तिच्या हातात उलटा झाला.

"ते मी बघते," निखत म्हणाल्या. "तू जा."

बस दुपारी एकला सड्यावर पोचली. वाटेत तिने आईला चार फोन केले. दोन लागले नाहीत. तिसरा शेजारच्या इंदूकाकीने उचलला आणि "आवस तुजी पान्याला गेलीय" म्हणून ठेवला. 'पाण्याला' या शब्दाने पुढचे दोन तास मृणालीला बसवेना. आई नळावर गेली असणार, हे कळत होतं, तरी. चौथा फोन आईने उचलला, "रेंज नाय गो" म्हणाली, आणि खरोखरच रेंज गेली.

वस्तीत सगळी घरं एकसारखी, सगळ्या दारांना एकच निळा रंग. ओट्यावर बायका पश्चिमेकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या बाजूला लाल कातळ आणि विजेचा खांब याशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

"आली गो पुनेकरीन!" इंदूकाकी ओट्यावरूनच ओरडली. तिचा नवरा महादेव तांडेलच्याच होडीवर होता. "सात म्हयने झाले. आमाला वाटलं, तूच त्या खोक्यात जाऊन बसलीस."

"काकी, आई कुठे आहे?"

"घरात हाय. दम खा जरा. पानी देऊ?" मग तिने आवाज खाली आणला. "उद्याची सगळी तयारी झालीय. गवत आनलंय. तुज्या आवशीनं मनावर घेतलंय यंदा."

"कसलं गवत?"

"मानूस करायचा ना गवताचा. ज्याचं शरीर गावत नाय, त्याचं गवताचं करायचं नि त्याला आग द्यायची. मंग गळ्यातलं वाढवायचं."

मृणाली ओट्याच्या कडेला बसली. निदान कशाबद्दल विचारलं ते कळलं. आई पाण्याकडे जाणार नव्हती. पण चौदा हो घेऊन ती उद्या नवऱ्याला आग देणार होती, आणि ते हो चुकीचे होते.

"तुम्ही कोणी काही बोलला नाहीत तिला?"

"आमी काय बोलनार? ग्रामसभेचा ठराव हाय ना आपला. कुंकू, मनी, बांगड्या, ज्याची त्याची मर्जी, कोनी कोनावर सक्ती नाय करायची. चांगला ठराव हाय. पन झाल्यापासून कोनी कोनाला हो म्हनत नाय नि नको म्हनत नाय." इंदूकाकीने पदराने कपाळ पुसलं. तिचं स्वतःचं कुंकू जागच्या जागी होतं. "आनि तिला तर खुद्द तुज्या बापसानं परवानगी दिलीय म्हनते. मंग आमी कोन?"

आई मागच्या पडवीत विळीवर बांगडे साफ करत होती. गळ्यातले काळे मणी घामाने चिकटले होते. मृणाली दारात उभी राहून ते बघत राहिली.

"बस ना. उभी का?" आई वर न बघता म्हणाली. "तुला बांगडे आवडतात म्हनून घेतले. टेंपो येतो आता दर मंगळवारी. बरफातले हायत, तीन दिवसांचे. वेळखारात मांजरानं खाल्ले नसते." तिने एकाचं डोकं उडवलं. "होलमांच्या घरात इकत घेतलेले मासे. तुज्या बापसानं बगितलं असतं तर टेंपोच उलटा केला असता."

बसमध्ये मृणालीने कसं सांगायचं ते नीट ठरवलं होतं. आधी यंत्र कसं चालतं ते, मग चूक, मग आवाज. आता त्यातलं काही आठवेना.

आणि सांगावंच का, असंही एक मन म्हणत होतं. दोन वर्षं आई बाबांच्या एका शब्दासाठी अडून बसली होती. तिला तो शब्द मिळाला होता. तो काढून घेतला तर तिच्या हातात काय राहील?

"आये," ती म्हणाली, "ते खोकं चुकलं."

विळीवरचा हात थांबला नाही.

"त्याला शब्द कळला नाही. वाढवू का म्हटलंस, त्याला वाटलं काहीतरी चांगलं जास्त करायचं म्हणतेस. म्हणून हो म्हणालं. परवानगी-बिरवानगी कोणी दिलेली नाही. बाबांनी तर नाहीच. तो आवाज सव्वीस माणसांचा मिळून केलाय."

"सव्वीस? नवऱ्याचा घसा मी वळखत नाय?"

मृणाली विळीच्या पलीकडे बसली. मग म्हणाली, "जास्त त्यांचाच आहे."

"हां. तसं सांग."

आईने साफ केलेला बांगडा पाण्यात टाकला. "आनि शब्द कोन शिकवतं त्याला?"

"मी."

"तुला म्हायीत नव्हतं, वाढवनं म्हंजे काय?"

"माहीत होतं. लिहायचं राहिलं."

"एवढी शिकलीस," आई म्हणाली, रागाने नव्हे, मासा ताजा नाही म्हणावं तशी. "कसा इचारलेला मी ते म्हायीताय? हे वाढवू काय, असा. नुसता 'हे'. हात हितं लावून." तिने विळीवरचा ओला हात गळ्याशी नेला. "त्याला डोळे नायत, ते माज्या ध्यानात नाय आलं."

"चौदा वेळा विचारलंस."

"मोजतो पन काय तो?"

"मोजतो."

"मंग हे मोजलं काय, मी चौदा वेळा का इचारलं? एकदा हो म्हनल्यावर मानूस पुन्ना कशाला इचारतो?"

यादीत याला अंक होता. एकच इच्छा पुन्हा पुन्हा बोलून दाखवली तर तो उत्साह धरायचा. मृणालीने तो अंक स्वतः सुचवला होता.

"नको म्हनेल म्हनून," आई म्हणाली.

ती आता काम थांबवून बसली होती. हात गुडघ्यांवर, बोटांना खवले चिकटलेले.

"पयल्यांदा हो म्हनला, मला वाटलं ऐकू नाय आलं. दुसऱ्यांदा वाटलं थट्टा करतोय. थट्टेखोरच तो. मंग म्हटलं बगूया किती वेळा म्हनतो. सात झाले, आट झाले. धाव्या वेळेला मी रडत होतं गो, सरळ रडत होतं. तरी आपलं तेच, वाढव की, बरं वाटेल." तिने नाक दंडाला पुसलं. "तुजा बापूस जिता असता तर हात धरला असता माजा. जिता नसता आनि त्या खोक्यात कुटं जरी असता, तरी शिवी हासडली असती. बायको गळ्यातलं काडू काय इचारते नि हा चौदा वेळा हो म्हनतो? असला मानूस माजा नवरा नव्हं. तेवा समजलं मला. तो खोक्यात नाय. कुटंच नाय."

पडवीच्या पत्र्यावर कावळा येऊन बसला. आईने त्याला एक डोकं फेकलं.

"म्हणजे तू फसली नव्हतीस," मृणाली म्हणाली.

"फसलेलं. वरसभर. रोज जेवून झालं की त्याच्यापुडं जाऊन बसायचं. आज काय केलं, कोन काय बोललं, सगळं सांगायचं. तू फोन केलास की दोन शब्दात उरकायचं, कारन तुला सांगायचं ते तिकडं सांगून झालेलं असायचं."

हे मृणालीने कुठल्याच अहवालात वाचलं नव्हतं.

"मग काकीला परवानगीचं का सांगितलंस?"

"मंग काय सांगू? ठराव झाला, मर्जी आली, पन बाईला इचारतातच, कोनाला इचारून करतेस? नवऱ्याचं नाव घेतलं की पुडं कोन इचारत नाय." आईच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनं हसू आलं. "आनि काल रात्रीपासून तो नवीनच बोलायला लागलाय. आपल्या मानसाशी बोला म्हनतो. म्हटलं, मेल्या, मंग इतके दिवस तू कोन होतास?"

मृणालीला हसू फुटलं. आईही हसली. दोघी विळीच्या दोन बाजूंना बसून, मध्ये बांगड्यांचं पातेलं, पोट दुखेपर्यंत हसल्या.

"ते वाक्य मी लिहिलं," मृणाली म्हणाली.

"वाटलंच. म्हनून तर बोललं नाय तुला फोनवर. म्हटलं, येते ती." आईने पाणी घेऊन हात धुतले, बोटन् बोट चोळून. मग कोरडा हात गळ्याशी नेला. "आता तुला इचारतंय. हे वाढवू काय?"

मृणालीला उत्तर माहीत होतं. निखतनी शिकवलं होतं, ठरावातही तेच होतं, आणि ते बरोबर होतं: तुझी मर्जी. तिने तोंड उघडलं.

"नको."

"का?"

"मला वाटतं, ते येतील."

बोलल्यावर तिने ते ऐकलं. त्या रात्रीचे प्रवाह कोणत्या दिशेने होते, पाणी किती थंड होतं, अशा पाण्यात माणूस किती तास तग धरतो, हे सगळं तिने स्वतः काढलं होतं. कागद अजून तिच्या कपाटात होता. उत्तर नऊ तास आलं होतं. त्याला सव्वादोन वर्षं झाली होती.

"म्हनून आवाज ठेवलास त्याचा," आई म्हणाली.

"हो."

"मला बरं वाटावं म्हनून नव्हं."

"नाही."

आईने विळी बाजूला सारली. तिने मृणालीचं डोकं ओढून आपल्या खांद्याला लावलं. मृणाली किती वेळ रडली ते तिला कळलं नाही. आई मधून मधून नुसती "हं" म्हणत होती. पलीकडे इंदूकाकीने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

"बास," शेवटी आई म्हणाली. "कोनीतरी नको म्हनलं. तेवडंच पायजे होतं मला."

"मग नाही ना वाढवणार?"

"वाढवनार." आईने तिचे डोळे पदराने पुसले, जरा जोरानेच. "आंधळ्यासारकं नव्हतं वाढवायचं मला, कोनाला काय वाटत नाय म्हनून. आता तुला वाटलं, मला वाटलं, दोघी मिळून करू. गवताचा मानूस उद्या. हे आज. मांगं हात पोचत नाय माजा, आनि हूक गंजलाय. ये हिकडं."

"आत्ता?"

"नायतर उद्या पुन्ना सोळाव्यांदा इचारायला लागेल."

मृणाली आईच्या मागे गुडघ्यांवर बसली. मानेवर मण्यांचा बारीक फिका पट्टा उमटला होता, तीस वर्षांचा. तिने हूक चिमटीत धरला, दाबला, फिरवला. खाऱ्या हवेने त्याची दोन्ही टोकं एक झाली होती. तिची बोटं ओली होती, सारखी निसटत होती. तिने पुन्हा धरलं.

"निघत नाही आये. ओढलं तर तुटेल."

"तसं म्हनू नये," आई म्हणाली.

दोरा मृणालीच्या बोटांत ताणलेला होता. आईने मान पुढे झुकवली आणि वाट बघत राहिली.

"वाढेल," मृणाली म्हणाली.

"हां. मंग वाढू दे."